पांदणीचे सहा ठोके

पासवर्ड चुकीचा आहे, असं कॉम्प्युटरने मला त्या मंगळवारी सकाळी सांगितलं, आणि मी त्याला तोंडावर म्हटलं, चूक तुझी असेल. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी पुन्हा बोटं कळांवर ठेवली, सहा ठोके मारले, एंटर दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मारले तेव्हा मनात शंका नव्हती, राग होता. तीस वर्षांच्या वर झाली मी टाइप करते. माणसं ओळखण्यात मी चुकते, भाजीत मीठ टाकायला चुकते, पण माझी बोटं चुकत नाहीत.

हे वाक्य पुढचे तीन दिवस मी दारव्ह्याच्या अर्ध्या बाजाराला ऐकवलं. अर्ध्या बाजाराने मला माझं वय विचारलं.

कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी खोली आहे. बाहेर पाटी अजून टायपिंग इन्स्टिट्यूटचीच आहे, पण शिकायला कोणी येत नाही. परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या आणि माझ्या मराठी मशिनी एकेक करून भंगारात गेल्या. दोन मी जाऊ दिल्या नाहीत. त्या खिडकीखाली कापड पांघरून बसलेल्या असतात. मधल्या टेबलावर एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर मी लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, हरकती टाइप करून देते. ज्याला लिहिता येत नाही तो बोलतो, ज्याला येतं तो कागद आणतो, आणि मी टाइप करते.

मी मूळची बोरी अरबच्या पलीकडच्या एका तांड्यातली. आमचे वाडवडील बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरले आणि शेवटी एका माळावर टेकले. टायपिंग शिकलेली त्या तांड्यातली पहिली बाई मी. सकाळी सातची बॅच असायची. म्हणजे झुंजुमुंजू व्हायच्या आत निघायचं, पांदणीने पक्क्या रस्त्यापर्यंत यायचं, तिथून बोरी, आणि बोरीहून एसटीने दारव्हा. पांदण म्हणजे दोन शेतांच्या मधली गाडीवाट. दोन्हीकडे काटेरी कुंपण, उन्हाळ्यात घोटाभर फुफाटा, पावसाळ्यात गुडघाभर गाळ. आमच्या तांड्याला बाहेरच्या जगाकडे नेणारी तेवढी एकच वाट.

त्या वाटेने मी एकटी जायची. सतरा वर्षांची पोर, हातात चपला, परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला. याडी, म्हणजे माझी आई, मला पांदणीच्या तोंडापर्यंत आणून सोडायची आणि म्हणायची, जाय. मी जायची. दोन वर्षं मी अशीच गेले. हे एकटं जाणं मी पुढे जन्मभर मिरवलं. लग्न मोडून माघारी आले तेव्हा मिरवलं, ही खोली भाड्याने घेतली तेव्हा घरमालकासमोर मिरवलं. मला बाईमाणूस म्हणून कोणी सल्ला द्यायला लागलं की मी सांगते, जी बाई त्या पांदणीने पहाटे एकटी गेली तिला तुम्ही काय सांगता.

दारव्ह्याला आमचे सर हातांवर लाकडी खोकं ठेवायचे. त्याला पुढून मागून भोकं, आत हात घालायचे आणि टाइप करायचं. कळा दिसायच्या नाहीत. तरी कोणी मान खाली घातली की बोटांवर पट्टी. हा पहिला नियम: बघायचं नाही. दुसरा नियम त्याहून कडक होता: वाचायचं नाही. वाचलं की अर्थ लागतो, अर्थ लागला की मन रेंगाळतं, आणि मन रेंगाळलं की बोट थांबतं. डाव्या हाताला ठेवलेल्या कागदावरचं अक्षर डोळ्यांतून आत घ्यायचं आणि बोटांतून बाहेर काढायचं, मध्ये कुठे थांबू द्यायचं नाही. मी हे दोन्ही नियम असे पाळले की एकदा एका ओळखीच्या माणसाच्या पोरीची साखरपुड्याची पत्रिका दुपारी टाइप करून दिली, आणि संध्याकाळी त्याने नक्की या म्हटलं तर मी विचारलं, कायले? तो आठवडाभर फुगून होता.

आता पांदणीचं काय झालं ते सांगते.

मधल्या काळात लगतच्या शेताच्या मालकाने पांदण थोडी थोडी नांगरायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, दुसऱ्या वर्षी दोन. मग कुंपण आत सरकलं. मग एके वर्षी पांदणच नव्हती, कपाशीची पऱ्हाटी होती आणि पऱ्हाटीच्या मधे तुरीच्या ओळी. तांड्याने विचारलं तर म्हणाला, इथं वाट होती कधी? तांडा आता नाल्याच्या बाजूने मोठा वळसा घालून जातो. नाल्याला पाणी आलं की शाळा बंद, दवाखाना बंद, सगळंच बंद. तांड्याने तहसीलदारांकडे अर्ज केला. सुनावणी लागली आणि पुरावा मागितला गेला.

पुरावा म्हणजे म्हातारी माणसं. तांड्यातल्या निवृत्त गुरुजींनी दोन महिने घरोघर फिरून अठरा जणांचे जबाब एका वहीत लिहिले, शाईच्या पेनाने, ठसठशीत अक्षरात. प्रत्येकाच्या पानाखाली अंगठा घेतला. वही माझ्याकडे आली आणि मी एका दिवसात सगळं टाइप करून ठेवलं. त्यात याडीचाही जबाब होता. तिचं पान आलं तेव्हा नाव टाइप करताना माझं मन जरा रेंगाळलं, पण सरांची पट्टी आठवली आणि बोटं पुढे गेली. प्रिंट काढली नाही. म्हटलं, सुनावणीची तारीख पक्की झाली की सगळी एकदम काढू. हा शहाणपणा माझाच, त्याचं खापर मी कोणावर फोडत नाही.

वही घेऊन परत जाताना गुरुजी नाल्यात पडले. पांदण असती तर पडले नसते, हे वेगळं सांगायला नको. गुरुजी वाचले, वही चिखलपाण्यात भिजली. वाळवली तेव्हा दिसलं की शाईची अक्षरं सगळी वाहून गेलीत. निळे ढग तेवढे उरले होते. पण अंगठे शाबूत होते, कारण स्टॅम्पपॅडची शाई तेलकट. म्हणजे तांड्याचे अंगठे वहीत राहिले आणि तांड्याचं बोलणं माझ्या कॉम्प्युटरमध्ये. तरीही मी प्रिंट तारखेवरच ठेवली. यंदाच्या उन्हाळ्यात याडी गेली. तिच्या आधी आणखी तिघं गेली होती. ज्यांनी पांदणीवरून पहिली गाडी हाकलेली पाहिली होती, ती माणसं आता पुन्हा जबाब द्यायला येणार नव्हती.

आणि शुक्रवारी सुनावणी होती.

आदल्या शनिवारी कचेरीतून निरोप आला की जबाब कागदावर आणाच, शिवाय पेन ड्राइव्हवर नव्या फॉन्टमध्येही द्या, तुमच्या जुन्या फॉन्टचं आमच्याकडे उघडलं की कावळ्याचे पाय दिसतात. जुना फॉन्ट म्हणजे आमच्या टाइपरायटरसारखा. ज्या कळेवर मशीनमध्ये जे अक्षर होतं तेच अक्षर तिथे. मी सोमवारी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. चाळिशीचा गडी, बाजारात दुकान आहे, बोलायला गोड. त्याने कॉम्प्युटरच्या आत नवा मराठी कीबोर्ड टाकून दिला. पडद्याच्या कोपऱ्यात दोन बारीक अक्षरं दाखवली आणि म्हणाला, "मॅडम, हे दोन कळा संगं दाबल्या का इंग्रजी, पुन्हा दाबल्या का मराठी. म्या तं मराठीच पक्की करून देल्ली. सुरू केलं का मराठीच येईन. झंझटच नाही." मी मान हलवली. तो चहा पिऊन गेला.

मंगळवारी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू केला आणि वर सांगितलं ते झालं.

माझा पासवर्ड गुपित कधीच नव्हता. लपवण्यासारखं माझ्याकडे काय आहे? पासवर्ड होता पांदण. फक्त तो मी इंग्रजीत लिहिलेला नव्हता, मराठीतही नव्हता. तो मी टाइपरायटरच्या बोटांनी मारलेला होता. प, त्याला काना, वर टिंब, मग द, मग अर्धा ण आणि त्याला काना. सहा ठोके. कॉम्प्युटर आतून त्याची जी काय इंग्रजी अक्षरं धरायचा ती धरायचा, ती कोणती ते मला ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. सहा ठोके मारले की तो उघडायचा. रोज.

दुरुस्तीवाला दुपारी आला. त्याने बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, भूलून गेल्या काय?"

"नाही."

"बरं, सांगा पासवर्ड."

"पांदण."

त्याने इंग्रजीत पांदण टाइप केलं. नाही उघडलं. पहिलं अक्षर मोठं करून केलं. मग अ दोनदा घालून केलं. मग शेवटी एकदा आकडा लावला, स्वतःच्याच मनाने. मी म्हटलं, "असं नाही हो. ते इंग्रजी नाहीये."

"मंग मराठी?"

"मराठीबी नाही. बोटं आहेत ती."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. "मॅडम, पयलं अक्षर कोणतं हाये, तेवढं सांगा."

"अक्षर मले माहीत नाही, बोट माहीत हाये."

"बोटाले कॉम्प्युटर ओळखते काय?" तो हसला. दाराशी अर्ज घ्यायला आलेले दोघंही हसले. मी त्याला उठवलं, स्वतः बसले, डोळे समोर भिंतीवर ठेवून सहा ठोके मारले. पासवर्ड चुकीचा आहे. दाराशी कोणीतरी पुटपुटलं, नाचता येईना अंगण वाकडं. मी वळून म्हटलं, अंगण वाकडंच आहे, थांबा दाखवते. पण दाखवता काही येईना.

मग त्याने त्याचे उपाय केले. मोठ्या अक्षरांची कळ दाबून सोडून पाहिली. कीबोर्डची वायर काढून लावली. दुकानातून दुसरा कीबोर्ड आणला, तोही लावला. कॉम्प्युटर बंद केला, थोडं थांबला, चालू केला, जसं काही तो घाबरून खरं सांगेल. शेवटी हात झटकून उभा राहिला. "आता फॉरमॅटच मारा लागते."

"म्हणजे?"

"सगळं साफ. नवंकोरं करून देतो. अर्ध्या दिवसाचं काम."

"आणि आतलं?"

"आतलं जाते नं मॅडम. आतलं ठेवून साफ कसं होईन?"

मला नंतर कळलं की आतलं वाचवून काढायचे दुसरे रस्ते असतात. आतली डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते म्हणे. त्याला ते येत नव्हतं, की करायचं नव्हतं, देव जाणे. त्याच्याकडे प्रत्येक दुखण्याला एकच गोळी होती. डोकं दुखतं, तर डोकं उडवा. मी टेबलाच्या आणि त्याच्या मधे जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, "या मशीनला हात लावायचा नाही. तुमचा स्क्रूड्रायव्हर उचला आणि निघा."

"माहं काय, मी चाललो. तुम्ही तुमच्या उमरीचा तं विचार करा. होते असं. माह्या मायलेबी आता आठवत नाही."

बुधवारी तो पुन्हा आला, न बोलावता, आणि तेच बोलला. शेजारचा झेरॉक्सवालाही येऊन तेच बोलला. सगळ्यांचं एकमत होतं की बाई विसरली. मशीन चुकलं असेल असा विचार एकालाही शिवला नाही. म्हातारं माणूस आणि मशीन यांच्यात भांडण लागलं की लोक डोळे झाकून मशीनच्या बाजूने उभे राहतात. आणि मी म्हातारीही नव्हते. पण चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची ठरवली की संन्याशाचं कोण ऐकतं.

मी रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी सहा ठोके मारत राहिले. हट्ट म्हणा. उपास सोडत नाही तसा मी हट्ट सोडत नव्हते.

गुरुवारी सकाळी माझा भाऊ आला. मी त्याला भिया म्हणते, आमच्या बोलीत भावाला तेच म्हणतात. तो तांड्यातच राहतो, शेती करतो, आणि या सुनावणीसाठी त्याने घरोघर जाऊन लोकांना तयार केलं होतं. भिजलेली वही त्याच्याकडेच होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. त्याला बाजारात सगळं कळलं होतं. तो पाणीही न पिता म्हणाला, "बाई, खरं सांग. तू विसरली नं?"

"नाही विसरली."

"मंग उघडून काहून नाही राह्यलं?"

"मले ते समजून नाही राह्यलं. पण माही चूक नाहीये."

"तुही चूक नाही, तुही चूक नाही!" तो ओरडलाच. "लहानपणापासून तेच आयकून राह्यलो. उद्या तिथं काय दाखवू मी? अंगठे? नुसते अंगठे? कशाचे अंगठे म्हणून विचारतीन तं काय सांगू? याडीनं त्या वहीत काय सांगतलं ते कोणाले ठाऊक हाये? गुरुजीले आठवत नाही. तू टाइप केलं, तू सांग. काय सांगतलं याडीनं?"

मला माहीत नव्हतं. मी ते वाचलंच नव्हतं.

त्याने माझं तोंड पाहिलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे तुलेबी नाही ठाऊक," तो म्हणाला. तो पायरीवर जाऊन बसला, माझ्याकडे पाठ करून.

दुरुस्तीवाल्याने मला वेडी ठरवलं तेव्हा मला राग आला होता. भियाने पाठ केली तेव्हा मला भीती वाटली. पहिल्यांदाच वाटलं, खरंच विसरले असेन तर? बोटं सहा ठोके मारतात खरी, पण ते सहा तेच आहेत कशावरून? याडीचं शेवटचं बोलणं त्या डब्यात आहे आणि माझ्या बोटांच्या भरवशावर ते उद्या दुपारपर्यंत मरणार आहे. मला रडू आलं आणि रडू आल्याचा संताप आला.

त्या संतापात मी खिडकीखालच्या मशीनवरचं कापड ओढलं. रिबन वाळली होती. पाठकोरा कागद घातला, खुर्ची ओढली, पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि जोरात सहा ठोके मारले. खटखट आवाज ऐकून भियाने मान वळवली. मी कागद ओढून काढला आणि उजेडात धरला. फिकट होतं, पण होतं. पांदण. प सरळ, टिंब जागेवर, काना कुठे सुटलेला नाही.

"हे पाह्य," मी म्हटलं. "हे पाह्य भिया. माही बोटं बरोबर हायेत."

तो उठून आला, कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला. "हे बरोबर हाये," तो म्हणाला. "मंग तिकडं काय वेगळं हाये?"

तीन दिवसांत मला कोणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. बोटं तीच. ठोके तेच. मग वेगळं काय? मी कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले आणि जे सरांनी आयुष्यभरासाठी बंद केलं होतं ते केलं. बोटं मांडीवर ठेवली आणि नुसतं पाहिलं. पडदा कधी धड पाहिलाच नव्हता मी. तो माझ्यासाठी भिंत होता. चष्मा पुसला. मधे माझं नाव, खाली पासवर्डची चौकट, आणि वर डाव्या कोपऱ्यात, धुळीच्या कणाएवढी, दोन अक्षरं. सोमवारी कोपऱ्यात दाखवलेली तीच मराठीची दोन अक्षरं. सुरू केलं का मराठीच येईन, झंझटच नाही.

म्हणजे दारावरच नवा मराठी कीबोर्ड बसला होता. माझी बोटं जुन्याच जागी पडत होती, पण त्या जागांवरची अक्षरं सोमवारपासून बदललेली होती. चौकटीत नुसते ठिपके उमटतात, कोणतं अक्षर पडलं ते दिसत नाही. आणि दुरुस्तीवाला इंग्रजीत पांदण लिहीत होता, तेही त्यानेच टाकलेल्या कीबोर्डमुळे आत कुठलं तरी भलतंच मराठी होऊन जात होतं. त्यालाही कोपरा दिसला नव्हता. मला तरी न पाहायची शिकवण होती, त्याला काय होतं?

दोन कळा एकदम दाबल्या. कोपऱ्यातली अक्षरं बदलली. मग मी मान वर केली, भिंतीकडे पाहिलं आणि सहा ठोके मारले.

उघडलं.

भिया एवढ्या जोरात ओरडला की झेरॉक्सवाला धावत आला. मी ओरडले नाही. मी उठून दुरुस्तीवाल्याच्या दुकानात गेले, चार गिऱ्हाइकं उभी होती त्यांच्यासमोर त्याला म्हटलं, "उघडलं. इसरली नव्हती मी. तुम्ही टाकलेला कीबोर्ड दारातच अडवून बसला होता."

"असं होऊच शकत नाही मॅडम," तो म्हणाला.

"मंग तुम्हीच फॉरमॅट व्हा," म्हटलं, आणि परत आले. येताना पाय हलके होते, हे कबूल करते.

दुपारभर प्रिंटा काढल्या. पेन ड्राइव्हचं मागाहून देऊ, असा निरोप कचेरीत धाडला. अठरा जबाब. भिया वहीतलं पान आणि माझा कागद जुळवत बसला, खालच्या अंगठ्याजवळ गुरुजींनी स्टॅम्पपॅडच्याच शाईने टाकलेल्या आकड्यांवरून. मी एकही जबाब वाचला नाही. वेळ नव्हता हे खरं, पण वेळ असता तरी वाचला नसता. सवय.

शुक्रवारच्या सुनावणीचा निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. तहसीलदारांनी त्याच दिवशी जागेच्या मोजणीचा आणि पाहणीचा आदेश दिला, आणि काही आठवड्यांनी पांदणीवरची पऱ्हाटी निघाली. त्या शेताच्या मालकाने वरच्या कोर्टात जायची धमकी दिली आहे. जाऊ दे. मी आहे, मशीन आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. कारकून एकेक जबाब मोठ्याने वाचत होता. समोरचे वकील मधेमधे म्हणत होते, हे सगळं ठरवून लिहून घेतलेलं आहे, एकसारखं आहे, म्हाताऱ्या माणसांना वाट आठवते म्हणजे काय आठवते? मी दातओठ खात पुढे उभी होते. मग कारकुनाने याडीचं नाव घेतलं. गुरुजींनी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि मी जसंच्या तसं टाइप केलं होतं.

"माही पोरगी टायपिंगले जाये," कारकून वाचत होता. "मी तिले पांदणीच्या तोंडावर सोडो. ते मोठी हिंमतीची. मले म्हणे, मी एकटी जातो, तू येऊ नको. म्या तिले जाय म्हटलं. मंग मी कुंपणाच्या आडून तिच्या मांगं मांगं जावो. पायातले वाक काढून कमरेले बांधो, आवाज होऊ नाही म्हणून. ते सडकेले लागे तवा मी वापस फिरो. दोन वर्स रोज. पाण्यातबी. तिले कधी समजू नाही देल्लं, समजलं असतं तं तिची हिंमत गेली असती. म्हणून मले त्या पांदणीतला धोंडा न् धोंडा ठावा हाये. कुठं बाभूळ, कुठं दलदल, कुठं वाट मुरडते, विचारा मले. अंधारात पाय ठेवून सांगीन."

कारकुनाने कागद टेबलावर पालथा ठेवला.

तहसीलदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "यातली मुलगी कोण? ती हयात आहे का?"

मी हात वर केला, बॅचमध्ये हजेरीला करायची तसा. "मीच. टाइपही मीच केलंय."

"मग तुम्हाला हे माहीत असेल. आई मागून येत होती, हे खरं आहे?"

तीस वर्षं मी एकटी गेल्याचं सांगत आले होते. त्या खोलीतल्या निम्म्या लोकांनी ते माझ्या तोंडून ऐकलेलं होतं. खोटं बोलले असते तर जबाब आणखी पक्का झाला असता.

"मला माहीत नव्हतं साहेब," मी म्हटलं. "मी कधी मागं वळून पाहिलंच नाही."

ते म्हणाले, ठीक आहे, आणि लिहून घेऊ लागले. तेव्हा मी वळले. मागे भिया उभा होता, वाळून कडक झालेल्या वहीचं पान दोन्ही हातांनी उघडं धरून. वर निळे ढग होते, आणि खाली याडीचा अंगठा.